‘पुण्याचा’ संघ : एका प्रत्ययाची गोष्ट

१९४८ सालच्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा रणजी सामना चालू होता. तिसऱ्या दिवशी उपाहाराची वेळ झाली तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि त्यांतल्या ४४३ एकट्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला त्या वेळचा विक्रम डॉन ब्रॅडमनच्या नावावर होता, नाबाद ४५२ धावांचा. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, विक्रम मोडायला दहा. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. असल्या विक्रमाला आपल्या संघाचे नाव कायमचे चिकटावे हे त्यांना मानवणे शक्य नव्हते. उपाहारानंतर त्यांचा संघ मैदानात उतरलाच नाही. सामना सोडून तो निघून गेला. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते कायमचेच. कसोटी सामना तर त्यांना आयुष्यात एकही मिळाला नाही.

पुणेकर क्रीडारसिकाच्या वैतागाचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याने सुरुवात इथून करावी असे मला वाटते. पुण्याच्या मैदानावरून संघ उठून गेला, आणि प्रेक्षकाला हातातोंडाशी आलेला घास सोडून घरी परतावे लागले. फरक इतकाच की त्या दिवशी निघून गेलेला संघ पाहुण्यांचा होता. पुढच्या काळात यजमानच निघून जाऊ लागले.

हा लेख त्या यजमानांविषयी आहे. गेल्या दीड दशकात पुण्याचे नाव लावून व्यावसायिक संघ आले आणि गेले. क्रिकेटचे दोन, फुटबॉलचे तर आणखी जास्त. ते हरले म्हणून चाहता वैतागला असे सरसकट म्हटले जाते, पण मला ते पटत नाही. हरण्याची सवय पुण्याला होती. वैतागाचे मूळ वेगळे आहे, आणि ते सापडायला मला इयत्ता सातवीच्या व्याकरणाची मदत झाली.

मराठीत ‘पुणे’ आणि ‘संघ’ या दोन नामांमध्ये संबंध जोडायचा तर मध्ये षष्ठीचा प्रत्यय लागतो. पुण्याचा संघ, पुण्याची पलटण, पुण्याचे मैदान. या प्रत्ययाची एक गंमत आहे. तो जोडला जातो मालकाला, पण लिंग आणि वचन घेतो मालमत्तेचे. म्हणजे शब्दाच्या पातळीवर तरी मालकाला आपल्या वस्तूप्रमाणे थोडे बदलावे लागते, ‘पुणे’चे ‘पुण्या’ व्हावे लागते. आता या संघांची अधिकृत नावे आठवून पाहा. पुणे वॉरियर्स इंडिया. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. एफ्‌सी पुणे सिटी. शहराचे नाव या सगळ्यांत आहे, पण ते कोरडे, सामान्यरूप न झालेले, प्रत्ययाशिवायचे. इंग्रजीची ती पद्धतच आहे हे मला ठाऊक आहे. तरीही या नावांकडे पाहताना वाटत राहते की दाराबाहेर पाटी लावलेली आहे आणि घरात कोणी राहत नाही.

प्रत्यय लागलेला संघ कसा असतो हे पुण्याला माहीत नव्हते असे नाही. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते दि. ब. देवधर, सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्धच्या पुण्यातल्या सामन्यात त्यांनी २४६ धावा काढल्या तेव्हा त्यांचे वय ४८ होते. महाराष्ट्राने केल्या ६७५ आणि मुंबईने ६५०. पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना आपला झाला. सकाळी वर्गात शाकुंतल शिकवणारा माणूस आणि दुपारी मुंबईच्या गोलंदाजांना घाम फोडणारा माणूस एकच, असे चित्र डोळ्यांपुढे आणायला कोणाला आवडणार नाही? (साहित्याच्या प्राध्यापकांनी या परिच्छेदावर फार वेळ रेंगाळू नये. आपल्यापैकी बहुतेकांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागते.)

तो काळ निर्मळ होता असे मात्र मी म्हणणार नाही. १९३९-४० मध्येच पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढणारे विजय हजारे पुढे बडोद्याच्याच दरबारी नोकरीला गेले आणि बडोद्याचे झाले. संस्थानिक खेळाडूंना पदरी ठेवत. त्याला लिलाव म्हणत नसत एवढेच. शिवाय ‘महाराष्ट्र’ हा संघही मुंबई आणि विदर्भ वजा करून उरलेल्या महाराष्ट्राचा, म्हणजे नावापुरता व्यापक आणि प्रत्यक्षात बराचसा पुणेकेंद्री. पण त्यात एक गोष्ट पक्की होती. तो कितीही हरला तरी पुढच्या हिवाळ्यात असणार होता. तो हरलाही भरपूर. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे प्रमुख खेळाडू अजित वाडेकरांबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले होते, मुंबईने सुधीर नाईकांच्या हाताखाली उरलेले खेळाडू उतरवले, आणि आपण त्या उरलेल्यांकडून ४८ धावांनी हरलो. १९९२-९३ मध्ये पंजाबने हरवले, २०१३-१४ मध्ये हैदराबादच्या मैदानावर कर्नाटकाने. देवधरांनंतर करंडक परत आलेला नाही. यातल्या कोणत्याही पराभवानंतर ‘हा संघ पुढच्या वर्षी असेल ना?’ असा प्रश्न कोणाच्या मनात आला नसेल.

तो प्रश्न २०१० नंतरचा आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून आयपीएलमधला नवा संघ विकत घेतला आणि त्यासाठी पुणे निवडले. पहिल्या म्हणजे २०११ च्या हंगामात पुण्याच्या या संघाचे घर होते नवी मुंबईत, नेरूळला. गहुंजेचे मैदान अजून तयार व्हायचे होते. ते तयार झाले २०१२ च्या एप्रिलमध्ये, आणि तेही पुण्यात नव्हे, द्रुतगती मार्गालगत मावळात. मैदानाला नाव दिले गेले संघाच्या मालकाचे; करारातल्या पैशांवरून वाद झाला आणि पुढे ते उतरवलेही गेले. एका शहराच्या नावाचा संघ, दुसऱ्या तालुक्यातले मैदान, तिसऱ्याच माणसाच्या नावाची कमान. मी त्या कमानीखालून दोनदा आत गेलो आहे आणि दोन्ही वेळा पराभव पाहून बाहेर पडलो आहे.

तीन हंगामांत वॉरियर्स ४६ सामने खेळले आणि १२ जिंकले. दर वर्षी मोजून चार. हे सातत्य कौतुकास्पदच म्हणायचे. २०१३ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूला ख्रिस गेलने याच संघाविरुद्ध ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, सतरा षटकार मारले, आणि पुण्याचे नाव अखेर एकदाचे विक्रमाला जोडले गेले. काठेवाडच्या ठाकूरसाहेबांचा पर्याय त्या दिवशी कर्णधार ॲरन फिंचला उपलब्ध नव्हता.

पण याच काळातला एक सामना मला अधिक बोलका वाटतो. ५ मे २०१२ रोजी पुण्याचा कर्णधार म्हणून सौरव गांगुली कोलकात्याविरुद्ध ईडन गार्डन्सवर उतरला. ईडनचा प्रेक्षक त्या दिवशी दुभंगला. शहराच्या नावाचा संघ एका बाजूला, शहराचा मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि टाळ्या वाजवायच्या कोणासाठी? कोलकात्याने सात धावांनी सामना जिंकला. तो दुभंग दुःखाचा असेल, पण त्यासाठी आधी काहीतरी अखंड असावे लागते. पुण्यात आमच्यावर असा प्रसंग येण्याची सोयच नव्हती. पुण्याचा केदार जाधव पुण्याच्या आयपीएल संघातून कधीच खेळला नाही. २०१७ च्या जानेवारीत इंग्लंडविरुद्ध भारताकडून त्याने गहुंजेला ७६ चेंडूंत १२० धावा काढल्या आणि मैदान डोक्यावर घेतले. त्याच उन्हाळ्यात तो बंगळुरूच्या गणवेशात होता.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे ‘वुई’ आहेत. ऐकणाऱ्याला वगळणारा एक आणि त्याला कवेत घेणारा दुसरा. खेळाविषयी बोलताना चाहता नेहमी दुसरा वापरतो : आपण हरलो, आपली फलंदाजी गडगडली. वॉरियर्सच्या तीन वर्षांत माझ्या परिचितांच्या तोंडी हा ‘आपण’ मी क्वचितच ऐकला. ‘काल ते पुन्हा हरले,’ असेच सगळे म्हणत. २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने अंग काढून घेतले, ऑक्टोबरात मंडळाने करार संपवला. पेठांमध्ये कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही फसलो.

चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाल्यामुळे २०१५ च्या डिसेंबरात दोन तात्पुरत्या जागांसाठी उलटा लिलाव झाला. मंडळाच्या उत्पन्नातून जो कमीत कमी मागेल त्याला संघ मिळणार होता. कोलकात्याच्या संजीव गोएंका यांच्या कंपनीने काही मागण्याऐवजी वर्षाला १६ कोटी देऊ केले, जागा मिळवली आणि शहरांच्या यादीतून पुण्यावर बोट ठेवले. मुदत दोन वर्षांची, हे पहिल्या दिवसापासून छापील होते. चाहत्याला कोणी अंधारात ठेवले असे म्हणता येणार नाही. भाडेकरू दोन वर्षांनी जाणार हे करारनाम्यात लिहिलेले असतानाही त्याच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर खेळताना पाहून घरमालक तो कागद विसरतो, तसे काहीसे झाले.

पहिले वर्ष दुष्काळाचे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना राज्यात खेळपट्ट्यांवर पाणी मारायचे का, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. पुण्याला मुंबईविरुद्धचा १ मेचा सामना तेवढा इथे खेळू दिला गेला. मग संघाचे घर विशाखापट्टणमला हलले. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. चाहत्याची खरी पंचाईत अशा वेळी होते. ज्यावर तक्रार करता येत नाही अशा गोष्टीमुळेही मन खट्टू होते, आणि खट्टू झाल्याची लाज वाटते. धोनीच्या नेतृत्वाखाली तो संघ चौदांपैकी पाच सामने जिंकून आठांत सातवा आला.

२०१७ मध्ये धोनीला नेतृत्वावरून दूर करून स्टीव्ह स्मिथला कर्णधार केले गेले. बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले. आणि नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला : सुपरजायंट्सचे सुपरजायंट झाले. अनेकवचनाचे एकवचन केल्याने काय साधते हे व्याकरणाच्या अभ्यासकांनी सांगावे, पण संघ जिंकू लागला. महाराष्ट्राकडून खेळणारा, पुण्यात वाढलेला राहुल त्रिपाठी दहा लाखांच्या मूळ किमतीत आलेला; त्याने ३९१ धावा केल्या, ईडनवर ५२ चेंडूंत ९३ काढल्या. जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले. मुंबईला तर साखळीत दोनदा आणि पात्रता सामन्यात वानखेडेवर तिसऱ्यांदा हरवले. मुंबईला, लक्षात घ्या. पुण्यात या घटनेचे मोल पैशांत होत नाही. मे महिन्याच्या मध्याला माझ्या लक्षात आले की वाण्याकडे, बसमध्ये, महाविद्यालयाच्या शिक्षकखोलीत लोक ‘आपण’ म्हणू लागले आहेत.

२१ मेचा अंतिम सामना हैदराबादला होता, आणि तिथेही समोर मुंबई. त्यांची अवस्था एका वेळी ७ बाद ७९ होती. कृणाल पंड्याने ४७ धावा काढून त्यांना १२९ पर्यंत नेले. आपल्याला १३० हवे होते. अजिंक्य रहाणे ४४ करून गेला, स्मिथ उभा होता. शेवटच्या षटकात ११ धावा, गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्यावर तिवारी झेलबाद. तिसऱ्यावर स्मिथ, ५१ धावांवर, झेलबाद. अखेरच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पूर्ण झाल्या, तिसरी घेताना डॅन ख्रिश्चन धावबाद. १२८. एका धावेने पराभव.

स्टोक्स तेव्हा इंग्लंडला परतलेला होता, राष्ट्रीय संघासाठी. तो असता तर, वगैरे. त्या रात्री घरात कोणी दूरचित्रवाणी बंद करायला उठेना. पण खरे सांगायचे तर पराभवाचे दुःख दोन दिवसांत ओसरले. उरले ते वेगळेच. दुसरा कोणताही चाहता अशा पराभवानंतर जे वाक्य म्हणतो, आणि ज्याच्या आधारावर पुढचे अकरा महिने काढतो, ते ‘पुढच्या वर्षी बघू’ आम्हाला म्हणता येत नव्हते. पुढचे वर्षच नव्हते. करार संपला होता. चाहतेपणाच्या व्याकरणातला भविष्यकाळच कोणीतरी खोडून टाकला होता. १९७१ च्या पराभवाचे चटके बसलेले माझे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, ‘आम्हाला निदान वाट तरी पाहायला मिळाली.’

त्यानंतर जे घडले ते एखाद्या विनोदी लेखकाने रचले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवले असते. २०१८ मध्ये चेन्नईचा संघ परतला, कावेरीच्या पाणीप्रश्नावरून तिथे आंदोलन पेटले आणि चेन्नईचे घरचे सामने हलवले गेले ते गहुंजेला. पुण्याने ज्याचे कर्णधारपद काढले तो धोनी पिवळ्या गणवेशात पुण्यात यजमान म्हणून उतरला. त्यांचे चाहते खास गाडीने चेन्नईहून पुण्याला आले. एक रात्र आणि दिवसभर प्रवास करून, दुसऱ्यांच्या गावी, आपल्या संघासाठी. मी ती छायाचित्रे पाहिली तेव्हा हसू आले नाही. दोन वर्षे संघ नसताना ज्यांनी वाट पाहिली होती, ते लोक होते ते. त्या वर्षी चेन्नईने विजेतेपद मिळवले.

२०२१ मध्ये आयपीएलने आणखी दोन संघ वाढवायचे ठरवले आणि बोलीसाठी शहरांची यादी काढली : अहमदाबाद, लखनऊ, इंदूर, कटक, गुवाहाटी, धरमशाला. पुणे त्यात नव्हते. गोएंका यांच्या समूहाने ७,०९० कोटींना लखनऊ घेतले आणि संघाचे नाव ठेवले लखनऊ सुपर जायंट्स. ‘स’ परत आला होता, पुणे गेले होते. पुढच्या वर्षी साथीमुळे साखळी सामने मुंबई आणि पुणे परिसरातच खेळवले गेले. दहाच्या दहा संघ गहुंजेला येऊन गेले आणि त्यांत पुण्याचा एकही नव्हता. १० मे २०२२ रोजी तिथे लखनऊ ८२ धावांत गारद झाले. मला आनंद झाला, हे कबूल करतो. क्षुद्रपणा आहे, पण आहे.

फुटबॉलची कथा याहून करुण आणि म्हणून थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये निघालेला पुणे एफ्‌सी आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आला आणि २०१५ नंतर मिटला. भारत एफ्‌सी नावाचा एक संघ २०१५ मध्ये एकच हंगाम खेळला. डीएस्‌के शिवाजियन्स दोन हंगाम. एफ्‌सी पुणे सिटी २०१४ पासून २०१९ पर्यंत टिकला, एकदा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि मग लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. निजामाने १७६३ मध्ये पुणे लुटले होते, जाळले होते. त्याचा हिशेब राक्षसभुवनला आणि मग खर्ड्याला चुकता झाला असे आपण इतिहासात शिकलो. तो चुकता झालेला नाही.

फ्रँचायझीची ही पद्धत मूळची अमेरिकेतली, आणि तिच्यातले दुःखही तिथेच आधी भोगले गेले. १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉल संघ लॉस एंजेलिसला गेला. १९८४ मध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स हा फुटबॉल संघ एका रात्रीत सामानाचे ट्रक भरून इंडियानापोलिसला गेला. पण क्लीव्हलंडचे उदाहरण निराळे आहे. १९९५ मध्ये तिथल्या ब्राउन्सच्या मालकाने संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले, तेव्हा शहर न्यायालयात गेले, चाहते रस्त्यावर आले, आणि तडजोड अशी झाली की मालकाने खेळाडू न्यावेत. नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडमध्ये राहील. १९९९ मध्ये त्याच नावाने तिथे पुन्हा संघ उभा राहिला. तो फारसा जिंकत नाही. पण संघाच्या नावावर गावाचा काही हक्क असतो हे तिथे कागदावर मान्य झाले. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारलेलाही नाही. मालक, मंडळ, प्रक्षेपक, खेळाडू या सर्वांचे एकमेकांशी करार असतात. ज्याच्या नावाने हे सारे चालते त्या गावाशी कोणाचाही करार नसतो.

राहता राहिली कबड्डी. २०१४ च्या पहिल्या प्रो कबड्डी लीगपासून पुण्याचा संघ तिच्यात आहे आणि तो अजून गेलेला नाही, हेच मुळात नवल. त्याचे नाव पुणेरी पलटण. ‘पलटण’ हा फिरंगी शब्द मराठीने इतका पचवला आहे की तो परका वाटत नाही, आणि ‘पुणेरी’ हे तर विशेषण : जोडे पुणेरी, पगडी पुणेरी, पाटी पुणेरी. या एका नावात गावाचे रूप बदललेले आहे. पहिले दोन हंगाम पलटण तळाला होती, त्यामुळे तिच्याविषयी माझ्या मनात लगेच आपलेपणा निर्माण झाला. २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरने ३३-२९ असे हरवले, म्हणजे तेही रीतीप्रमाणे झाले. मग १ मार्च २०२४ रोजी पलटण पुन्हा अंतिम सामना खेळली, हरयाणाविरुद्ध. कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. सामना, अर्थातच, हैदराबादला.

मी तो तटस्थपणे पाहायचा असे ठरवले होते. दोनदा पोळलेल्या माणसाला तेवढा शहाणपणा शोभतो. शेवटच्या मिनिटांत मी उभा होतो हे मला नंतर कळले. २८-२५. पलटण जिंकली. मी त्याच ज्येष्ठ स्नेह्यांना फोन लावला. रात्र झाली होती, ते झोपण्याच्या तयारीत असावेत.

‘आपण जिंकलो,’ मी म्हणालो.

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, ‘आपण म्हणजे कोण?’